लॉगबुकाची अकरा पानं

गुणाजी चिंदरकर सर शाळेत चित्रकला शिकवायचे, पण शाळेला त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांचं अक्षर जास्त लागायचं. फाटकाजवळच्या फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा कापडी फलक, बक्षिसांची प्रमाणपत्रं, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचं मानपत्र, मुतारीच्या दारावरचं 'फक्त मुलांसाठी' हे सगळं त्यांच्या हातचं होतं. खडूनं लिहोत की टाकानं, पट्टी लावून मोजावीत अशी सारख्या उंचीची अक्षरं. अंधेरी पूर्वेच्या त्या खाजगी मराठी शाळेत ते अडुसष्ट सालापासून होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"चिंदरकर, एवढं जरा करून द्या ना."

"ठेवून जा. करतो."

जानेवारी उजाडला की गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक त्यांचे तास मागून घेत. "चित्रं काय, पुढच्या वर्षी काढतील पोरं." सर तास देत आणि त्या वेळात कुणाचं तरी प्रमाणपत्र लिहीत बसत.

ते मूळचे मालवणकडचे. वडील परळच्या गिरणीत होते, धाकटा भाऊ बाळाही तिथंच लागला. ब्याऐंशीच्या संपानंतर बाळाला परत कामावर घेतलं नाही. बायको आणि तीन पोरं घेऊन तो गुंदवलीच्या चाळीत सरांच्या खोलीत राहायला आला. सर, त्यांची बायको विमला, दोन मुली आणि बाळाचे पाच जण. एक खोली, वर पोटमाळा, आणि घरात पगार आणणारा एकच माणूस.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये सुगंधा टपके शाळेत विज्ञान शिकवायला आल्या. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या, बी.एस्सी., बी.एड. आई अंधेरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. बाईंचा आवाज मोठा होता. शेवटच्या बाकावरच्या पोराला कान टवकारावे लागत नसत. त्या वर्गात टॉर्चचे सेल, बल्ब, तारा घेऊन जायच्या आणि मुलांना स्वतः जोडायला लावायच्या. नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर होती. दोन वर्षं काम समाधानकारक झालं की कायम, नाही झालं तर घरी.

त्या वर्षीच्या सहामाही परीक्षेत एक घोटाळा झाला.

प्रश्नपत्रिका शाळेतच स्टेन्सिल कापून छापल्या जात. मजकूर टंकलेखनयंत्रावर उठे, आणि आकृत्या असतील तिथं चिंदरकर सर टोकदार सळईनं स्टेन्सिलवर त्या काढून देत. नववीचा विज्ञानाचा पेपर पर्यवेक्षक जयवंत सबनीस यांनी काढला होता. त्यात विद्युत मंडलाची आकृती होती, आणि तिच्यात ॲमीटर बल्बला समांतर जोडलेला होता, व्होल्टमीटर एकसर. म्हणजे बरोबर उलटं. असं मंडल खरोखर जोडलं तर बल्ब पेटणारच नाही. एका मुलाचे वडील कारखान्यात फोरमन होते. त्यांनी मुख्याध्यापकांना चिठ्ठी पाठवली.

शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी ती वाचून दाखवली. सबनीस सरांनी चष्मा काढून पुसला.

"आकृती चिंदरकरांनी काढलीय. त्यांना ॲमीटर काय नि आगपेटी काय, सारखंच."

शिक्षकखोली हसली. चिंदरकर सर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"चुकलं असेल सर माझं."

"नाही चुकलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "सबनीस सरांचा मूळ कागद माझ्याकडे आहे, उत्तरसूची करायला दिला होता. त्यावर अशीच आकृती आहे. चिंदरकर सरांनी जशीच्या तशी उतरवलीय." आणि त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

कागदाकडे सगळ्यांनी पाहिलं, सबनीस सरांनी पाहिलं नाही. ते हसले.

"बरोबर आहे बाई तुमचं. फक्त आवाज जरा बेताचा ठेवा. इथं मासळीचा लिलाव नाही लागलेला."

या वेळी शिक्षकखोली आधीपेक्षा जोरात हसली. चिंदरकर सरही हसले. त्यांच्या डब्यात त्या दिवशी बांगड्याचं तिखलं होतं.

बैठक संपल्यावर जिन्यात बाईंनी त्यांना गाठलं.

"सर, हात कशाला जोडलेत? तुमची चूक नव्हती ना?"

"जाऊ द्या हो बाई. कुठं वाद घालत बसायचं."

"वाद कसला? कागद होता समोर."

सरांनी मान हलवली आणि ते खाली उतरले. आभार मानायचे राहून गेले.

दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लागलं, तेव्हा सुगंधाबाईंचा पहिला तास सकाळी सात दहाला होता आणि शेवटचा साडेअकराला. मधे तीन तास रिकामे. पण ते नावालाच, कारण कुणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर बाईंना पाठवलं जाई. सबनीस सर चिठ्ठी लिहीत आणि शिपाई सहदेव ती घेऊन येई. मराठीचा तास, भूगोलाचा तास, शारीरिक शिक्षणाचा तास. बाईंनी एकदा मोजलं, तर एका महिन्यात एकोणीस.

मग मस्टर. सही करायचं मस्टर सात दहापर्यंत टेबलावर असायचं. बाईंची बस सातला पोचायची. पण आठवड्यातून दोनदा तरी त्या आत येईपर्यंत टेबल रिकामं असे.

"सहदेव, मस्टर कुठाय?"

"सबनीस साहेबांनी आत नेलं बाई."

"अरे, सात वाजून पाचच मिनिटं झालीत. बघ ना घड्याळ."

"मला काय सांगता बाई, मी शिपाई माणूस."

नावापुढं लाल शाईचा लेटमार्क पडे. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापली जाई.

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सबनीस सरांनी स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. किल्ली मागायला गेलं की ते वर्गावर असत. वर्गात जाऊन मागितली की मुलांसमोर म्हणत, "बाई, पुस्तकातून शिकवता येत नाही का? आम्ही सगळे पुस्तकातूनच शिकलो." मग ते बाईंच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायला लागले. एकदा तास चालू असतानाच त्यांनी मुलांना विचारलं, "ह्या बाईंचं शिकवणं कुणाकुणाला समजत नाही? हात वर करा. घाबरू नका." पहिल्यांदा कुणी हात वर केला नाही. सबनीस सर उभेच राहिले, एकेका बाकाकडे बघत. मग एक हात वर झाला, त्याचं बघून आणखी चार. त्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत आल्या नाहीत. पाण्याच्या टाकीमागं उभ्या होत्या.

सुरुवातीला इंग्रजीच्या नेरूरकर बाई सुगंधाबाईंच्या शेजारी बसायच्या, डब्यातलं द्यायच्या-घ्यायच्या. दिवाळीनंतर त्यांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. "उन्हात बरं वाटतं गं," म्हणाल्या. खिडकीत तर सकाळचं ऊन येतच नव्हतं.

चिंदरकर सर हे सगळं बघत होते. एकेक गोष्ट वेगळी घेतली तर तिच्यात काही नव्हतं. बदलीचे तास सगळ्यांनाच असतात, लेटमार्क कुणालाही पडतो, पर्यवेक्षक वर्ग बघणारच. जवळून पाहिलं तर नुसत्या रेघा होत्या. पण चित्र बघायला चार पावलं मागं जावं लागतं, हे सर मुलांना सतरा वर्षं शिकवत आले होते. ते मागं गेले आणि त्यांना दिसलं. ते कशापासून सुरू झालं तेही दिसलं. त्या कागदापासून. म्हणजे त्यांच्यापासून.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. शाळेतही कुणाला नाही.

श्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा चालू असताना, सबनीस सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर नवीन कोरं लॉगबुक होतं. लॉगबुक म्हणजे शिक्षकांच्या तासाला बसून वरिष्ठांनी शेरे लिहायची वही. तारीख, वर्ग, विषय, शेरा, आणि खाली त्या शिक्षकाची सही, म्हणजे शेरा वाचला आणि मिळाला.

"जुनं उंदरांनी कुरतडलं," सबनीस सर म्हणाले. "माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. संस्थेकडे पाठवायचंय. तुम्ही सुवाच्य नक्कल करा." त्यांनी सुट्या कागदांची चळत पुढं केली. "ही टपके बाईंची. अकरा आहेत."

सरांनी कागद चाळले. वर्गावर नियंत्रण नाही. आवाज कर्कश, उच्चार अशुद्ध. फळ्याचा उपयोग नाही. पाठाची पूर्वतयारी नाही. सूचना देऊनही सुधारणा नाही. एका कागदावर ते थांबले. चौदा ऑगस्ट पंच्याऐंशी, नववी ब, तिसरा तास.

"सर, चौदा ऑगस्टला तिसरा तास झालाच नाही. दुसऱ्या तासानंतर सगळी शाळा मैदानावर होती. टपके बाई माझ्याबरोबर पताका लावत होत्या."

"एखादी तारीख इकडची तिकडं झाली असेल."

"जुनं लॉगबुक बघू का? मी तपासून—"

"चिंदरकर." सबनीस सरांनी आवाज चढवला नाही. "मजकूर माझा आहे. तुम्ही फक्त अक्षर काढायचंय. आणि हे बघा, जूनमध्ये पाचवीची एक तुकडी कमी होतेय. चित्रकलेचे तास भरत नाहीत म्हणून संस्था ओरडतेय. मी अजून तुमचं नाव वर जाऊ दिलेलं नाही."

सरांनी कागद उचलले.

"आणि एकाच शाईनं लिहू नका. दोन-तीन पानांनी दौत बदला. वर्षभराचं आहे ना ते."

एवढं ऐकल्यावर ही नक्कल आहे असं स्वतःला समजावायची सोय उरली नाही. तरी सरांनी लिहिलं. तीन दुपारी, चित्रकलेच्या खोलीत दार लोटून. निळी, काळी-निळी, पुन्हा निळी. 'कर्कश' मधला 'र्क' एका ठिकाणी जरा कलला, तर त्यांनी ब्लेडनं हलकेच खरवडून तो पुन्हा काढला. पुढं कित्येक महिने त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली ती या गोष्टीची. खोटं लिहितानाही अक्षर बिघडू द्यायला हात तयार नव्हता.

तीस एप्रिलला निकाल होता. त्या दिवशी प्रत्येक शिक्षकाला पन्नास सह्या कराव्या लागतात. निकालपत्रक, हजेरीचा कॅटलॉग, प्रगतिपुस्तकं, पुस्तकपेटीची यादी, सुट्टीतल्या पत्त्याचा कागद. बाहेर पालक उभे असतात, पोरं दाराशी लोंबकळत असतात. कुणी वाचत बसत नाही. वाचत बसलं तर मागचा म्हणतो, "काय हो, कोर्टाची कागदपत्रं आहेत काय?" आणि ज्यांनी लिहिलं तेही आपलेच, मग वाचायचं काय? सह्या घ्यायला टेबलाशी चिंदरकर सरांना बसवलं होतं, दर वर्षीसारखं. ते पान उघडून बोट ठेवायचे, शिक्षक सही करायचे, सर टीपकागद दाबायचे.

सुगंधाबाई आल्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी जरा मोकळा होता. वर्गाचा निकाल चांगला लागला होता, आणि जूनमध्ये दोन वर्षं पुरी होणार होती. कॅटलॉग झाला, निकालपत्रक झालं. मग लॉगबुक. वरच्या अर्ध्या पानावर दुसरा कागद ठेवलेला होता, सही करायची जागा तेवढी उघडी. सबनीस सरांनीच तशी सूचना दिली होती. सरांनी बोट ठेवलं. बाईंनी सही केली. टीपकागद. पान उलटलं. सही. टीपकागद.

"सर, आणखी किती? हात दुखला माझा."

"झालं बाई. दोनच राहिल्या."

बाईंनी त्या दोनही केल्या आणि पेन झटकत पालकांकडे गेल्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना रजिस्टर्ड पत्र मिळालं. लॉगबुकात अकरा प्रतिकूल शेरे असून ते आपण वाचून सही केलेले आहेत, तरीही कामात सुधारणा नाही, सबब परिवीक्षा संपताच सेवा समाप्त. बाई शाळेत गेल्या. कारकुनानं लॉगबुक दाखवलं, हातात दिलं नाही. तिथून त्या सरळ गुंदवलीला आल्या.

चाळीत दुपारची सामसूम होती. बाळा रिकाम्या हातानं दारात बसला होता. विमला तांदूळ निवडत होती. चिंदरकर सर बनियनवर होते. ते गडबडीनं सदरा शोधायला लागले.

"राहू द्या सर. मी बसायला नाही आले." बाई उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "अक्षर तुमचं आहे. मी लांबून ओळखलं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं काय लिहिलंय."

"हो."

"आणि मी विचारलं, आणखी किती, तर तुम्ही म्हणालात, दोनच."

विमलाचा हात सुपात थांबला.

"मला भांडायचं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या मागं दोन भाऊ आहेत शिकणारे. आई टोपली उचलते अजून, गुडघे गेलेत तिचे. ही नोकरी गेली तर 'असमाधानकारक' असा कागद हातात घेऊन मला दुसऱ्या कुठल्या शाळेत घेतील? मी अपील करणार. तुम्ही लिहून द्या की ही पानं एप्रिलमध्ये तीन दिवसांत लिहिली, आणि कुणी लिहायला सांगितली ते."

"बघतो बाई."

"काय बघता सर?"

"देतो म्हणालो असं समजा."

बाईंनी पत्र पिशवीत ठेवलं. "समजायचे दिवस गेले माझे," म्हणाल्या आणि गेल्या.

विमलानं सूप बाजूला ठेवलं. "नऊ माणसां खातत ह्या घरात," ती म्हणाली. "तुमका उद्या काढल्यानी तर? भावजींका काम नाय, पोरींची लग्नां व्हायची असत. कोण ती बाई? तिच्यासाठी तुम्ही कित्याक?"

सरांनी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. आकृतीचं, बैठकीचं, हात जोडल्याचं, कागद टेबलावर ठेवल्याचं. लिलावाचं, आणि आपणही हसलो तेही. सांगून झाल्यावर विमला म्हणाली, "ह्या माका दीड वर्ष सांगलात नाय." आणि उठून चुलीकडे गेली. तिनं लिहा म्हटलं नाही, लिहू नका असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी दोन फुलस्केप कागदांवर निवेदन लिहिलं. कुठल्या दुपारी कुठली पानं, कुठली शाई, चौदा ऑगस्टला बाई कुठं होत्या, आणि सह्या घेताना वर कागद ठेवला होता हेही. एक प्रत त्यांनी वेसाव्याला जाऊन बाईंच्या आईच्या हातात दिली. दुसरी संस्थेच्या सचिवांकडे नेली. सचिवांनी ती उभ्याउभ्या वाचली.

"मास्तर, म्हणजे खोटं दप्तर तुम्ही तयार केलंत."

"हो साहेब."

"सबनीस म्हणतात, त्यांनी तुम्हाला नक्कल करायला दिली. जुनं लॉगबुक त्यांनी जाळलं, उंदीर लागले होते म्हणून. तुमच्याकडे त्यांच्या हातचा कागद आहे?"

नव्हता. सुटे कागद सबनीस सरांनी त्याच दिवशी परत घेतले होते. सुगंधाबाईंनी आकृतीचा कागद जपून ठेवला होता, तसा एक कागद ठेवून घ्यावा हे सरांना सुचलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंच्या जागी दुसरी मुलगी आली. चिंदरकर सरांना दप्तर खोटं केल्याबद्दल ताकीद मिळाली आणि दोन वर्षांची वेतनवाढ थांबली. चित्रकलेची खोली शिवणकामाला दिली गेली. त्यांचं टेबल जिन्याखाली आलं. फाटकाजवळचा सुविचार आता नववीतली एक मुलगी लिहायची, वेडावाकडा. संमेलनाचा फलक बाहेरच्या पेंटरकडून आला. कुणी त्यांच्याकडे काही मागेना. मधल्या सुट्टीत ते शिक्षकखोलीत गेले की बोलणं थांबायचं आणि ते बाहेर पडेपर्यंत परत सुरू व्हायचं नाही. त्यांच्याही नावापुढं लेटमार्कांची लाल शाई दिसायला लागली. एकदा त्यांनी सहदेवाला विचारलं, "मस्टर कुठाय रे?" सहदेवानं खाली बघितलं. "तुम्हाला माहितीय की सर."

ते रोज जात राहिले. गेल्या वर्षी त्या बाई पाण्याच्या टाकीमागं का उभ्या राहत होत्या, हे आता त्यांना कुणी सांगायला नको होतं. ती जागा तशी बरी होती. तिथं कुणी येत नसे.

अपील शाळा न्यायाधिकरणात गेलं आणि दीड वर्ष तारखा पडत राहिल्या. बाई वेसाव्यात पोरांच्या शिकवण्या घेत होत्या. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत सरांची साक्ष झाली. शाळेचे वकील तरुण होते, घाईत होते.

"तुम्ही हे खोटं लिहिलंत?"

"हो."

"कुणी हात धरून लिहून घेतलं?"

"नाही."

"मारलं? कोंडून ठेवलं?"

"नाही. सांगितलं, आणि मी लिहिलं."

"म्हणजे कुणीही सांगितलं की तुम्ही खोटं लिहिता. मग आज इथं खरं बोलताय ते कुणाच्या सांगण्यावरून?"

बाकावरून कुणीतरी हसलं. सरांनी कठड्याला हात लावला. "साहेब, मी वीस वर्षं कुणी सांगितलं तेच लिहिलंय," ते म्हणाले. "त्या दिवशी टीपकागद माझ्या हातात होता. बाईंना वाचून सही करा एवढंच म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही. मला नोकरीवरून काढलं तरी चालेल, पण ती पानं खोटी आहेत."

सुगंधाबाई दुसऱ्या बाकावर आईशेजारी बसल्या होत्या. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

पण नुसत्या बोलण्यावर काम झालं नसतं. बाईंच्या वकिलांनी शाळेकडून मस्टर आणि कॅटलॉग मागवले. अकरा तारखांपैकी एका तारखेला बाई आजारपणाच्या रजेवर होत्या, एक रविवार निघाला, आणि चौदा ऑगस्टच्या पानावर मुख्याध्यापकांच्याच हातचं होतं, 'दुसऱ्या तासानंतर मैदानावर सराव'. वर्षभराचे शेरे रचताना सबनीस सरांनी कॅलेंडर बघायची तसदी घेतली नव्हती. रविवार तर चिंदरकर सरांच्याही लिहिताना ध्यानात आला नव्हता.

जुलैमध्ये निकाल लागला. सेवासमाप्ती रद्द, बाईंना परत कामावर घ्या.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुगंधाबाई आल्या. तोवर जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले होते आणि त्या खुर्चीवर सबनीस सर होते. न्यायाधिकरणानं त्यांच्याविषयी दोन कडक ओळी लिहिल्या होत्या, पण संस्थेनं त्या वाचल्या नसाव्यात. मस्टरमध्ये बाईंचं नाव सगळ्यात शेवटी, पेन्सिलीनं घातलेलं होतं. बाईंनी त्यावर शाई फिरवली, मग सही केली.

शिक्षकखोलीत त्या आल्या तेव्हा नेरूरकर बाई "ये गं, बस" असं पुटपुटल्या, दाराकडे बघत. बाकीच्यांनी वह्या तपासायला घेतल्या. चिंदरकर सर कोपऱ्यात उभे राहिले. बाई त्यांच्यापाशी आल्या.

"साक्ष दिलीत. बरं झालं."

"बाई, मी त्या वेळी—"

"ते नको सर. ते मला अजून ऐकवत नाही."

त्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दोन वर्षांत त्यांचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. सहदेव त्यांचं वेळापत्रक घेऊन आला. पहिला तास सात दहाला, शेवटचा साडेअकराला. विज्ञानाचे चारच तास, बाकी सगळे हस्तव्यवसाय आणि मूल्यशिक्षण. खाली सबनीस सरांची सही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. खोलीतले सगळे वाकून वह्या तपासत होते आणि कुणाचंही पेन हलत नव्हतं. बाई उठल्या.

"मी हे बदलून मागायला चाललेय. नाही दिलं तर का नाही, ते लिहून घेणार. कुणी बरोबर येणार?"

नेरूरकर बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. बाई गेल्या. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीकडे जात राहिला.

चिंदरकर सरांनी टेबलाचा आधार घेतला आणि ते निघाले. ते दारात पोचले तेव्हा बाई आत उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. सबनीस सरांनी पाहिलं.

"चिंदरकर, तुमचं काय काम आहे?"

"काही नाही सर. ऐकायला आलोय."

"तास नाही तुम्हाला?"

"आहे. दहा मिनिटं आहेत अजून."

सबनीस सर त्यांच्याकडे बघत राहिले. चिंदरकर सर दारातून हलले नाहीत. बाईंनी वेळापत्रक टेबलावर ठेवलं, आणि त्यांचा तो मोठा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. "सर, हे मला मान्य नाही. लेखी द्या."